पवित्रा शिंत्रेचा स्वच्छ हात

बेंगळुरूच्या उत्तरेला, येलहंकाच्या जुन्या गावात, एका बेकरीच्या भिंतीला टेकून बसवंत शिंत्र्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काचेची पेटी, एक स्टूल आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले स्वतः बसवंतअण्णा. निपाणीहून तरुणपणी आले आणि इथेच रुजले. गिऱ्हाइकाशी कन्नड, घरात मराठी आणि घड्याळाशी मात्र अवाक्षर नाही, असा त्यांचा शिरस्ता. हल्ली लोक घड्याळ दुरुस्त करून घेत नाहीत, सेल बदलून घेतात, आणि तेवढ्यातही "अण्णा, स्वल्प बेगा" म्हणून घाई लावतात. अण्णा तोंडानं "सरी, सरी" म्हणतात आणि हवा तेवढा वेळ घेतात.

ही गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या लेकीची आहे. पण पवित्राचा हात कुठून आला हे सांगायचं तर या पेटीपासूनच सुरुवात करावी लागते. शाळा सुटली की ती अण्णांच्या शेजारी येऊन बसायची. बाकीच्या मुली लंगडी खेळायच्या त्या वेळी हिच्या हातात चिमटा असायचा. अण्णांनी तिला एकच गोष्ट शिकवली, पण ती अशी शिकवली की हाडीमांसी खिळली. "पवी, जे घड्याळाचं न्हाई ते घड्याळात ऱ्हाता कामा नये. धूळ असू दे, धागा असू दे, वाळलेलं तेल असू दे. काढायचं म्हंजे काढायचं." ती काढायची. श्वास रोखून, जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक कण वेचायची. कॉलेजात जाईपर्यंत तिचा हात इतका तयार झाला होता की अण्णा बारीक बायकी घड्याळं तिच्यासाठी राखून ठेवायचे.

आता पवित्रा तिशीला टेकली आहे आणि येलहंकाच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत झाडीत दडलेल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. चिमटा सुटलेला नाही. फक्त त्याच्या टोकाखाली घड्याळाऐवजी उंदराच्या गर्भातला तिळाएवढा अवयव आला आहे. प्रोस्टेट ग्रंथी गर्भात कशी घडते, हा तिचा विषय. आता हा विषय चारचौघांत सांगायचा कसा? "उंदरांचं काहीतरी करते," एवढ्यावर आई बायकांना वाटेला लावते. एका लग्नात दूरच्या एका काकांनी पंगतीतच तिला हळूच विचारलं, की रात्री फार उठावं लागतं, तुझ्याकडे काही आहे का? ती म्हणाली, "काका, ती ग्रंथी म्हातारपणी का वाढते ते मी बघत नाही, जन्माच्या आधी उगवते कशी ते बघते. तुम्ही यूरॉलॉजिस्टकडे जा." एवढं बोलून तिनं मान वर केली, तर समोरची अख्खी पुरुषांची पंगत घास हातात धरून ऐकत होती.

आणि ती उगवते कशी, ही खरोखर घास थांबवून ऐकण्यासारखीच गोष्ट आहे. पोटात मुलगा असो की मुलगी, मूत्राशयाच्या खाली सुरुवातीला एक सारखीच नळी असते. मुलाच्या वृषणांतून पुरुषी संप्रेरक पाझरायला लागलं की त्या नळीच्या अस्तराला कळ्या फुटतात, कळ्यांना फांद्या फुटतात आणि ग्रंथी तयार होते. पुस्तकात बहुधा एवढंच सांगतात आणि ते अर्धवट सांगतात. कारण ते संप्रेरक आधी अस्तराशी बोलतच नाही. ते बोलतं अस्तराभोवतीच्या सैल, भरणीसारख्या दिसणाऱ्या ऊतीशी. मग ती ऊती आपले रेणू सोडते आणि ते रेणू अस्तराला निरोप देतात: इथे फूट. दुसरे काही रेणू सांगतात: पुरे, इथे नको. हा नकाराचा निरोपही हवाच. सगळीकडून नुसता होकार आला तर ग्रंथी कसली, वेडावाकडा गोळा होईल. थोडक्यात, ग्रंथी जिची होते ती एक आणि तिला व्हायला सांगते ती तिची शेजारीण.

पवित्राचा दावा या नकार देणाऱ्या रेणूंपैकी एकाबद्दल होता. तो अडवला की कळ्या जास्त फुटतात आणि भलत्याच जागी फुटतात, असं तिला पहिल्या वर्षी दिसलं होतं. काम बोलायला सोपं आहे. गर्भातून ती नळी भोवतीच्या ऊतीसकट सोडवायची, एका पातळ पडद्यावर ठेवायची, पडदा पोषक द्रवावर तरंगत ठेवायचा, द्रवात संप्रेरक घालायचं आणि बशी इनक्युबेटरच्या उबेत ठेवून वाट पाहायची. अर्ध्या बश्यांत रेणू अडवायचं औषध, अर्ध्या बश्या जशाच्या तशा, म्हणजे कंट्रोल. जशाच्या तशा बश्यांत नेहमीइतक्या कळ्या आणि औषधाच्या बश्यांत जास्त, असं दाखवता आलं की दावा उभा राहतो. पहिल्या वर्षी तो असा छान उभा राहिला की तिच्या गाइड श्यामला मॅडमनी सगळ्यांना बर्फी वाटली.

त्या वर्षी पवित्राचा हात या कामाला नवखा होता. पितळेच्या चाकाला चिमटा लावणं वेगळं आणि ओल्या, लिबलिबीत मांसाला लावणं वेगळं. नळी निघायची, पण तिच्या अंगाला चिंध्या लोंबत असायच्या. पवित्राला त्याची मनस्वी लाज वाटायची. अण्णांची लेक आणि असलं गबाळं काम! ती हट्टाला पेटली. सरावानं हात असा बसला की तिची नळी नुकत्याच सोललेल्या लसणीच्या पाकळीसारखी नितळ निघायला लागली. श्यामला मॅडम परदेशात व्याख्यानाला गेल्या की पवित्रानं काढलेल्या नळीचे फोटो पडद्यावर दाखवायच्या. नव्या विद्यार्थ्यांना सांगायच्या, "डिसेक्शन शिकायचंय ना? गो अँड सिट विथ पवित्रा."

आणि कळ्या फुटायच्या बंद झाल्या.

एकदम नाही. आधी कमी झाल्या, मग तुरळक, मग औषधाच्या बश्यांत नाहीत आणि जशाच्या तशा बश्यांतही नाहीत. जिथे काहीच बदललेलं नाही तिथेच कळी नसेल तर बाकी कशाची तुलना कशाशी करायची? पवित्रानं कंबर कसली. संप्रेरकाची नवी बाटली आणली. द्रव बदलला. पडदे बदलले. इनक्युबेटर बदलला, मग शेजारच्या प्रयोगशाळेचा इनक्युबेटर मागून पाहिला. खापर फोडायला लोकांनीही हातभार लावला. कुणी म्हणालं, बेंगळुरूचं पाणीच असलं. कुणी म्हणालं, उंदरांची जातच बदलली असेल. येलहंकाच्या एअरफोर्स स्टेशनवरून विमानं उडाली की खिडक्या थरथरतात, तर त्या आवाजाला कळ्या घाबरतात, असाही एका शहाण्यानं शोध लावला. पवित्रा इतकी पिसाटली होती की तिनं बश्या तळघरात नेऊन ठेवल्या. तिथेही कळी नाही ती नाहीच. सगळ्या जगावर संशय घेऊन झाला. एका गोष्टीवर कुणी घेतला नाही, पवित्राच्या हातावर. तो तर सगळ्यांत चांगला होता.

असे किती तरी महिने गेले. मग एका सकाळी श्यामला मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. मॅडम मूळच्या पुण्याच्या. पवित्राशी एकट्या असल्या की मराठी बोलतात, पण इंग्रजीचा हात धरल्याशिवाय त्यांचं मराठी चार पावलं चालत नाही.

"पवित्रा, लुक, मला तुझ्यावर डाउट नाहीये," त्या म्हणाल्या, आणि डाउट आहे हे पवित्राला तिथेच कळलं. "पण कंट्रोलच वर्क होत नसेल तर वी हॅव नथिंग. पहिल्या वर्षीचा रिझल्ट कदाचित फ्लूक असेल. होतं असं."

"मॅडम, योगायोगानं एवढ्या बश्यांत कळ्या येत नाहीत."

"मग आता का येत नाहीत?"

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. बेंगळुरूतच महादेवपुऱ्याला एक कंपनी आहे, दवाखान्यांच्या तपासण्यांची माहिती संगणकावर लावून देणारी. तिथे त्यांची मैत्रीण मोठ्या जागेवर आहे. नोकरी तयार आहे, पगार चांगला आहे. प्रोस्टेटचं काम इथेच बंद करायचं, पुढच्या महिन्यात तिकडे रुजू व्हायचं आणि हातात आहे त्यावर सावकाश लहानसा प्रबंध लिहून पदवी घ्यायची. मॅडम वाईट बाई नव्हत्या. पोरीचं आयुष्य एका न उगवणाऱ्या कळीपायी जाऊ नये, असंच त्यांना वाटत होतं. पवित्राला मात्र कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. काम बंद म्हणजे दावा खोटा. कुणी तसं म्हणणार नव्हतं, पण सगळे तसं धरून चालणार होते.

"एक शेवटचा प्रयोग करू द्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्याबरोबर बसा. माझ्या डोळ्यांदेखत तुमच्या हातानं काढा. द्रव तोच, उंदीर तेच, एकाच उंदरिणीची पिल्लं. तुमच्याही बशीत कळी आली नाही तर मी महादेवपुऱ्याला जाते."

मॅडम हो म्हणाल्या.

त्या बसल्या तेव्हा प्रयोगशाळेतला प्रत्येकजण काही ना काही निमित्त काढून डोकावून गेला. मॅडमनी कित्येक वर्षांत चिमटा हातात धरला नव्हता. चष्मा वर करायच्या, खाली करायच्या, मायक्रोस्कोपला शिव्या द्यायच्या. त्यांची पहिली नळी फाटली. दुसरी निघाली ती अशी, की पवित्राला बघवेना. भोवतीचा सगळा पसारा लोंबतोय, एका बाजूला जाड पट्टा तसाच चिकटलेला. तिची बोटं शिवशिवली. मॅडमच्या हातून चिमटा काढून घ्यावा आणि दोन मिनिटांत ती स्वच्छ करून द्यावी, असं तिला फार वाटलं. पण प्रयोग तो प्रयोग. तिनं हात मांडीखाली दाबून धरले. शेजारच्या मायक्रोस्कोपवर तिनं आपल्या नळ्या काढल्या, नेहमीसारख्या नितळ. दोघींच्या बश्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

कळ्या मॅडमच्या बशीत आल्या.

त्या गबाळ्या, चिंध्या लोंबणाऱ्या नळीला भरघोस, गोल टोकांच्या कळ्या फुटल्या होत्या. शेजारची पवित्राची नळी ढिम्म होती. मॅडमनी आळीपाळीनं दोन्ही बश्या पाहिल्या आणि फार मऊ आवाजात म्हणाल्या, "पवित्रा, यू आर टायर्ड. तुझा हात दमलाय, मनही दमलंय. थोडे दिवस घरी राहा."

मऊ आवाजातलं हे बोलणं तिच्या फार जिव्हारी लागलं. ती घरी गेली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात अण्णांच्या शेजारी जाऊन बसली. अण्णांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक जुनं चावीचं घड्याळ तिच्यापुढे सरकवलं. ते उघडताना मात्र तिचा बांध फुटला आणि तिनं सगळं सांगितलं.

"माझा हात दमलाय म्हणतात, अण्णा."

अण्णांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "हात बघू." तिनं पंजा पुढे केला. बोटं जरासुद्धा हलत नव्हती. "कुठं दमलाय? माझ्यापेक्षा चांगला हाय की. जे नको ते काढून टाकतेस न्हवं बराबर?"

"काढते. कणही ठेवत नाही. मॅडमनी तर सगळं तसंच ठेवलं होतं..."

हे बोलताना ती थांबली. घड्याळ तिच्या पुढ्यात उघडं पडलं होतं. त्यात अण्णांच्या हातानं बसवलेलं जेवढं होतं तेवढंच हवं होतं, बाकी सगळा बाहेरून आलेला केर. पण गर्भात बाहेरून काय येणार? तिथे धूळ कुठून शिरणार? तिथे जे आहे ते सगळं तिथेच वाढलेलं. मग आपण रोज जो केर म्हणून काढतो तो नेमका कुणाचा काढतो? अण्णांचं घड्याळ तसंच उघडं टाकून ती उठली. "अगं, झाकण तरी लाव की!" असं ते मागून म्हणाले, पण तोवर तिनं रिक्षाला हात केला होता.

सुटीबिटी काही तिनं घेतली नाही. पहिलं काम केलं ते म्हणजे मुद्दाम वाईट नळ्या काढल्या. सांगायला हसू येतं, पण ज्या बाईनं आयुष्यभर नीटनेटकं काम केलं तिला गबाळं काम करणं किती जड जातं ते करून बघावं. चिमटा आपोआप चिंध्यांकडे वळायचा आणि ती त्याला दटावून मागे ओढायची. त्या वाईट नळ्यांना कळ्या आल्या. म्हणजे हात दमला नव्हता, नको तितका तयार झाला होता.

तरी तिचं समाधान झालं नाही. नुसत्या पसाऱ्यानं कळ्या येतात म्हणून काय सांगायचं लोकांना? पसाऱ्यातलं कोण निरोप देतं ते सापडायला हवं होतं. तिनं आपल्या नेहमीच्या नितळ नळ्या काढल्या आणि या वेळी काढलेला केर टाकला नाही. बशीच्या झाकणात थेंबभर द्रवात तो पसरून तिनं मायक्रोस्कोपखाली धरला. इतकी वर्षं तिनं त्याच्याकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. बराचसा खरंच मोकळाढाकळा होता. पण त्यात एक दाट पट्टा होता, नळीच्या पोटाकडच्या बाजूचा, स्नायूच्या पातळ थराच्या बाहेर बसलेला. हाच तो. मॅडमच्या नळीला जाड चिकटून राहिलेला. अस्तराशी बोलणारी ऊती स्नायूच्या आतच असते, बाहेर आहे तो नळीचा नव्हे, असं समजून ती तो रोज पहिल्या फटक्यात कापत आली होती. पहिल्या वर्षी हात कच्चा होता म्हणून तो वाचत होता. जसजसा हात तयार झाला तसतशी तिनं निरोप देणारी शेजारीणच घराबाहेर काढली होती.

मग ती मॅडमकडे गेली. तिनं काहीही समजावून सांगितलं नाही. "बश्या लावल्यात. कशात काय आहे ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही," एवढंच म्हणाली. "त्यांच्यावरच्या खुणा आर्या झाकून ठेवेल. तुम्ही फक्त बघून सांगायचं." आर्या ही प्रयोगशाळेतली नवी विद्यार्थिनी, पवित्राकडून नितळ नळी काढायला शिकत असलेली.

"आणि कळ्या नसल्या तर?"

"तर नोकरी आहेच ना."

सगळ्या नळ्या सारख्याच नितळ होत्या. काहींच्या एका कुशीला तिनं तो कापलेला पट्टा नुसता टेकवून ठेवला होता. काहींना केरातलाच दुसरा, मोकळा तुकडा टेकवला होता. काही तशाच उघड्या होत्या. बघायचा दिवस आला तेव्हा पवित्रा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. ती मनातून चक्क घाबरली होती, हे लपवण्यात काही अर्थ नाही. आर्या एकेक बशी पुढे ठेवत होती.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "नाही. ... आहे. अरे, आहे! परत नाही. आहे. हे बघ, इथेही आहे." मग एकच बशी त्या पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिल्या. "पवित्रा, इकडे ये. या कळ्या सगळ्या एकाच बाजूला आहेत. सगळ्या एकीकडे वळल्यात. काय ठेवलंयस तू तिथे?"

पवित्रा खिडकीपासून हलली नाही. "मी रोज टाकून द्यायचे ते."

आर्यानं खुणा उघडल्या. जिथे पट्टा होता तिथे कळ्या होत्या. जिथे मोकळा तुकडा होता किंवा काहीच नव्हतं तिथे नव्हत्या. एकही बशी चुकली नव्हती. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता, कारण त्यांनाही एक गोष्ट आता कळली होती. "मी सगळ्यांना तुझेच फोटो दाखवत होते," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांना इंग्रजीची गरज पडली नाही. "अशी काढा म्हणून. जगभर सांगत होते मी. तुला कसं सांगू, मी तुझ्यावरच शंका घेतली."

"कापत तर मीच होते, मॅडम. ते तसंच लिहायचं. हात दमला होता असं नाही, इनक्युबेटर बिघडला होता असंही नाही. पवित्रा शिंत्रे तो पट्टा कापत होती म्हणून कळ्या येत नव्हत्या, असं लिहायचं. म्हणजे दुसरं कुणी कापणार नाही."

"नाव कशाला? 'टेक्निकल कारणानं' म्हणता येईल."

"नको. आणि पहिल्या वर्षीचा दावा अजून अर्धाच उभा आहे. हो कोण म्हणतं ते सापडलं. नाही म्हणणारा रेणू याच पट्ट्याचं ऐकतो की आणखी कुणाचं, ते उरलंय. मी उद्यापासून त्या बश्या लावते. आर्या, तू पण बस उद्या, तुझाही हात आता जरा बिघडवायचाय."

आर्या हसली. मॅडम हसल्या नाहीत, त्या अजून त्या बशीकडेच बघत होत्या. पवित्रा टेबलापाशी येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, महादेवपुऱ्याला मी जात नाही. तुमच्या मैत्रिणीला तुम्ही कळवता की मी कळवू?"

मॅडमनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि तो पवित्राच्या हातात दिला.